अदलाबदलीची वही



वागळे इस्टेटमध्ये आमच्या एका स्नेह्यांचा पुठ्ठ्याची खोकी बनविण्याचा गाळा आहे. एमआयडीसी १९६२ साली स्थापन झाली आणि ही तिची पहिली औद्योगिक वसाहत. आज तेथील अनेक जुन्या कारखान्यांच्या जागी काचेच्या उंच इमारती उभ्या राहिल्या आहेत व त्यांत संगणकाचे काम चालते. आमच्या स्नेह्यांचा गाळा मात्र वडिलांच्या काळापासून तसाच आहे. खाली यंत्रे आहेत, पोटमाळ्यावर कचेरी आहे आणि गादीमागच्या कपाटात वर्षानुवर्षांच्या वह्या आहेत. सकाळी नऊला येणारा आणि रात्री आठला कुलूप लावणारा हा माणूस गतवर्षी मंगळवार, गुरुवार आणि शनिवार या तीन दिवशी दुपारनंतर गाळ्यावर दिसेनासा झाला. कोणी विचारले की, ‘बँकेत काम होते’ असे सांगत.

चौदा महिने हे बँकेचे काम चालले. एके दिवशी मुलुंडच्या एका रुग्णालयाच्या दारात ते मला समोरासमोर भेटले. दंडावर पट्टी होती, चेहरा उतरलेला होता. मग चहाच्या टपरीवर उभे राहून त्यांनी सारे सांगितले. दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली होती. आठवड्यातून तीन वेळा, प्रत्येकी चार तास डायलिसिस चालू होते. ही गोष्ट पत्नी, आई आणि धाकटा भाऊ यांखेरीज कोणालाही ठाऊक नव्हती. कारण विचारले तेव्हा ते म्हणाले, “कागदवाल्यांची उधारी माझ्या तोंडाकडे पाहून आहे. हा माणूस आजारी आहे असे बाजाराला कळले, तर उद्या सगळे एकदम हिशेब मागतील. शिवाय मुलीची सोयरीक चालली आहे.”

व्यापारी घरातील वाचकांना या दोन वाक्यांचा अर्थ उलगडून सांगण्याची गरज नाही. पत ही आपली खरी पुंजी. पण या चौदा महिन्यांच्या मौनाची किंमत काय पडली, हे समजण्यासाठी मूत्रपिंडांच्या अदलाबदलीची रीत आधी समजून घेतली पाहिजे. आजचा लेख त्याविषयी आहे.

स्नेह्यांचा रक्तगट ‘ओ’. त्यांच्या पत्नी, म्हणजे आमच्या वहिनी, पहिल्याच दिवशी मूत्रपिंड देण्यास तयार झाल्या होत्या. पण त्यांचा रक्तगट ‘ए’. ‘ओ’ गटाच्या रुग्णाला ‘ओ’ गटाच्याच दात्याचे मूत्रपिंड सरळपणे चालते. भावाला मधुमेह, आईचे वय पंच्याहत्तर. घरात देणारे हात होते, पण ते देणे या रुग्णाच्या उपयोगाचे नव्हते. रक्तगट न जुळताही प्रत्यारोपण करता येते. त्यासाठी रक्तातील विरोधी प्रतिपिंडे आधी काढून टाकावी लागतात. तो उपचार खर्चिक आहे आणि प्रत्येकाला मानवत नाही. त्यांच्या डॉक्टरांनी दुसरा मार्ग सुचविला. ‘तुमच्यासारखीच अडलेली दुसरी जोडी शोधू. तिचा दाता तुम्हाला देईल, तुमच्या पत्नी तिच्या रुग्णाला देतील.’

ही कल्पना आपल्या बाजाराला नवी नाही. पैसा चलनात येण्यापूर्वी धान्य देऊन कापड घेतले जाई. त्या व्यवहाराची अडचणही आपल्या पूर्वजांना माहीत होती. धान्यवाल्याला कापड हवे, पण कापडवाल्याला धान्य नको, त्याला तेल हवे. आणि तेलवाल्याला हवे धान्य. तिघे एकाच ओट्यावर आले तर तिघांचेही काम होते. ते एकमेकांना भेटलेच नाहीत, तर प्रत्येकाच्या घरी माल पडून राहतो आणि गरज तशीच उरते. ही अडचण पैशाने सोडविली. पैशाला सर्व माल चालतो, म्हणून समोरच्याला नेमके काय हवे हे शोधत बसावे लागत नाही.

मूत्रपिंडाच्या बाबतीत ही सोय नाही, आणि नसावी हेच योग्य. १९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्याने अवयवाची खरेदी-विक्री हा गुन्हा ठरविला. २०११ च्या दुरुस्तीनंतर त्यासाठी पाच ते दहा वर्षांचा कारावास आणि वीस लाखांपासून एक कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. पैसा बाजूला काढला की आपण पुन्हा त्या धान्य-कापड-तेलाच्या ओट्यावर येऊन उभे राहतो. कोणाला काय हवे आणि कोणाजवळ काय आहे, हे कोणीतरी एका ठिकाणी मांडून जुळवावे लागते. बाजारात जे काम पैसा करतो, ते काम येथे गणिताला करावे लागते.

त्याच २०११ च्या दुरुस्तीने अशा अदलाबदलीला कायद्यात स्पष्ट जागा दिली. दाता हा आपल्या रुग्णाचा जवळचा नातलगच असला पाहिजे. पती-पत्नी, आई-वडील, मुलगा-मुलगी, भाऊ-बहीण आणि दुरुस्तीनंतर आजी-आजोबा व नातवंडे यांचा त्यात समावेश होतो. हा दाता स्वतःच्या रुग्णाशी वैद्यकीयदृष्ट्या जुळत नसला पाहिजे. दोन्ही बाजूंनी मिळून एकच करार करावा लागतो, आणि प्राधिकार समितीच्या संमतीवाचून शस्त्रक्रिया होत नाही. म्हणजे अनोळखी माणसाला मूत्रपिंड दिले जाते खरे, पण ते आपल्या माणसासाठीच दिलेले असते.

आपल्या परिसरातील एक उदाहरण अनेकांनी वर्तमानपत्रांत वाचले असेल. १४ मार्च २०१९ रोजी, जागतिक मूत्रपिंड दिनी, ठाण्यातील एक मुस्लिम कुटुंब आणि मूळचे बिहारचे एक हिंदू कुटुंब यांच्यात मुंबईच्या सैफी रुग्णालयात अशी अदलाबदल झाली. दोन्ही घरांतील पत्नींनी एकमेकींच्या पतींना मूत्रपिंड दिले. दोन जोड्यांच्या अशा अदलाबदली बहुधा एकाच डॉक्टरच्या किंवा एकाच रुग्णालयाच्या ओळखीतून जुळतात. डॉक्टरच्या मनात दहा-वीस रुग्णांची माहिती असते. त्यातून एखादे जुळणारे जोडपे ध्यानात येते. परंतु जुळणारी जोडी त्याच डॉक्टरकडे न येता कल्याणच्या दुसऱ्या डॉक्टरकडे जात असेल, तर ते दोन दरवाजे एकमेकांना कधीच दिसत नाहीत.

मनात किंवा कागदावर जुळवण्याचा दुसरा धोका अधिक सूक्ष्म आहे. समजा, चार जोड्या आहेत. त्यांना ठाणे, मुलुंड, डोंबिवली आणि कल्याण अशी नावे देऊ. ठाण्याची जोडी मुलुंडशी जुळते, मुलुंडची डोंबिवलीशीही जुळते आणि डोंबिवलीची कल्याणशी. इतर कोणी कोणाशी जुळत नाही. आता डॉक्टरच्या ध्यानात प्रथम मुलुंड-डोंबिवली ही जुळणी आली आणि त्याने ती चांगल्या मनाने पार पाडली. दोन रुग्ण वाचले. पण ठाणे आणि कल्याण या दोन्ही जोड्या आता कायमच्या एकाकी झाल्या. तेच ठाणे-मुलुंड आणि डोंबिवली-कल्याण असे जुळविले असते, तर चारही रुग्ण वाचले असते. कोणाची चूक झाली नाही, कोणी लबाडी केली नाही. केवळ हाताशी आलेला पहिला सौदा पक्का केला, एवढ्यानेच दोन घरे मागे राहिली.

चार जोड्यांत हे डोळ्यांना दिसते. शंभर जोड्या असतील तर दोन-दोनच्या ४,९५० आणि तीन-तीनच्या वर्तुळांच्या ३,२३,४०० शक्यता तपासाव्या लागतात. शिवाय प्रत्येक निवडीचा परिणाम दुसऱ्या निवडीवर होतो. हे काम माणसाच्या आवाक्यातले नाही. म्हणून संगणक लागतो.

संगणक जे करतो ते समजण्यास अवघड नाही. प्रत्येक जोडी म्हणजे कागदावरील एक ठिपका. एका जोडीचा दाता दुसऱ्या जोडीच्या रुग्णाला देऊ शकत असेल, तर पहिल्या ठिपक्यापासून दुसऱ्याकडे एक बाण काढायचा. रक्तगट, ऊतींची जुळणी आणि रुग्णाच्या रक्तातील प्रतिपिंडे यांवरून हे बाण ठरतात. मग बाणांच्या वाटेने फिरून मूळ ठिपक्यावर परत येणारी वर्तुळे शोधायची, आणि एक जोडी एकाच वर्तुळात बसेल अशा रीतीने त्यांची निवड करायची. जास्तीत जास्त रुग्णांना मूत्रपिंड मिळेल ती निवड उत्तम. दोन-दोनच्या जुळणीचे गणित जॅक एडमंड्स यांनी १९६५ साली दाखविलेल्या पद्धतीने झटपट सुटते. तिसरी जोडी वर्तुळात येताच तेच गणित फार कठीण होते. कार्नेगी मेलन विद्यापीठातील संशोधकांनी २००७ मध्ये दहा हजार जोड्यांच्या यादीवरही चालेल अशी पद्धत मांडली, तेव्हा देशव्यापी याद्यांचा मार्ग मोकळा झाला.

या शास्त्राचा उगम कोठे, तेही सांगण्यासारखे आहे. जोड्यांमध्ये मूत्रपिंडांची अदलाबदल करावी ही कल्पना फेलिक्स रॅपापोर्ट यांनी १९८६ साली मांडली आणि दक्षिण कोरियात १९९१ मध्ये ती प्रत्यक्षात आली. तिकडे लॉइड शॅप्ली आणि हर्बर्ट स्कार्फ या दोन विद्वानांनी १९७४ सालीच एक वेगळा प्रश्न सोडविला होता. घरे आहेत, पण पैसा वापरायचा नाही. तर लोकांनी ती आपसांत कशी बदलावीत की कोणाचेही नुकसान होऊ नये? ॲल्विन रॉथ, तायफुन सोनमेझ आणि उत्कू उन्वेर यांनी २००४ साली हाच विचार मूत्रपिंडांना लावून दाखविला. शॅप्ली आणि रॉथ यांना २०१२ मध्ये अर्थशास्त्राचा नोबेल स्मृती पुरस्कार मिळाला. पैशाविना बाजार कसा चालवावा याचे शास्त्र सांगणाऱ्यांना अर्थशास्त्राचा सन्मान मिळाला, ही गोष्ट आपल्यासारख्या व्यापाऱ्यांनी ध्यानात ठेवावी अशी आहे.

नेदरलँड्समध्ये २००४ पासून आणि ब्रिटनमध्ये २००७ पासून सबंध देशाची एकच यादी आहे. ब्रिटनमध्ये दर तीन महिन्यांनी ती यादी संगणकावर चालवितात. जुळणीचे गणित ग्लासगो विद्यापीठातील संशोधकांनी बसवून दिले आहे. आपल्याकडे अहमदाबादची डॉ. एच. एल. त्रिवेदी यांची मूत्रपिंड संस्था इ.स. २००० पासून अशी अदलाबदल करीत आली आहे. २०१३ च्या जागतिक मूत्रपिंड दिनाच्या निमित्ताने तेथे दहा रुग्णांना या रीतीने मूत्रपिंड मिळाले. मुंबईत एपेक्स किडनी फाउंडेशनने ‘ॲस्ट्रा’ या नावाने संगणकीय नोंदवही सुरू केली. २०१३ मध्येच मुंबईतील तीन रुग्णालयांत मिळून पाच जोड्यांच्या दहा शस्त्रक्रिया एकाच दिवशी झाल्या. एकाच दिवशी का? कारण करार कितीही पक्का असला तरी कोणाच्याही शरीरातून त्याच्या इच्छेविरुद्ध अवयव काढता येत नाही आणि काढूही नये. एका घराला आज मिळाले आणि त्या घरच्या दात्याने उद्या माघार घेतली, तर दुसरे घर आपला दाताही गमावते आणि आशाही. म्हणून सर्व शस्त्रक्रिया एकदम होतात. दोन जोड्यांना चार शस्त्रक्रियागृहे लागतात, तीन जोड्यांना सहा. वर्तुळ फार मोठे करता येत नाही, त्याचे हे एक कारण आहे.

आता पुन्हा आमच्या स्नेह्यांकडे येऊ. त्यांची नोंद झाली खरी, पण ‘ओ’ गटाच्या रुग्णाची वाट अधिक लांब असते. याचे कारण सरळ आहे. ‘ओ’ गटाचा दाता रक्तगटाच्या दृष्टीने कोणालाही देऊ शकतो. म्हणून तो बहुधा आपल्या घरच्या रुग्णाला थेट देऊन मोकळा होतो आणि या यादीत येतच नाही. तो यादीत येतो ते प्रामुख्याने एका कारणाने. रक्तगट जुळतो, पण रुग्णाच्या रक्तात त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडे असतात. बाळंतपणानंतर, रक्त चढविल्यानंतर किंवा पूर्वीच्या प्रत्यारोपणानंतर अशी प्रतिपिंडे तयार होतात. मुलांची आई झालेल्या स्त्रीला तिच्या पतीचेच मूत्रपिंड चालू नये, असे यामुळे घडते.

मध्यंतरी नोंदवहीत एक तीन जोड्यांचे वर्तुळ जुळले. वहिनींचे मूत्रपिंड ‘ए’ गटाच्या एका रुग्णाला जायचे होते. त्या रुग्णाचा ‘बी’ गटाचा भाऊ एका ‘बी’ गटाच्या भगिनीला देणार होता. त्या भगिनीचे पती ‘ओ’ गटाचे. पत्नीला त्यांचे चालत नव्हते, पण आमच्या स्नेह्यांना चालणार होते. तीनही घरांची नावे एकमेकांना ठाऊक नव्हती. घरात पहिल्यांदाच मिठाई आली. त्यानंतर प्रयोगशाळेत प्रत्यक्ष रक्त एकत्र करून अंतिम चाचणी झाली, आणि मधल्या रुग्णाचे रक्त वहिनींच्या पेशींशी जुळले नाही. संगणक नोंदलेल्या माहितीवरून अंदाज बांधतो. शेवटचा शब्द प्रयोगशाळेचा असतो. एक दुवा तुटला आणि तिन्ही घरे जेथून निघाली होती तेथे परत आली. डॉक्टर एवढेच म्हणाले, “यादीत आणखी जोड्या असत्या, तर हेच वर्तुळ दुसऱ्या वाटेने पुरे करता आले असते.”

त्या चौदा महिन्यांची किंमत येथे कळते. त्या काळात ही जोडी कोणत्याच यादीत नव्हती. यादी किती वेळा चालली असेल, त्यात यांच्याशी जुळणारे कोणी येऊन गेले असेल का, हे आता कोणालाच सांगता येणार नाही. शिवाय केवळ त्यांचेच नुकसान झाले असेही नाही. वहिनींच्या ‘ए’ गटाच्या मूत्रपिंडाने ज्याचे वर्तुळ पुरे झाले असते, असा कोणी अनोळखी रुग्णही त्या काळात वाट पाहत असू शकेल. पतीचा आजार झाकताना दुसऱ्या कोणाची तरी वाट आपण अडवीत आहोत, हे त्यांच्या मनात येणे शक्यच नव्हते.

ही हकिगत आप्तेष्टांत पसरल्यावर ठाण्यातील एका बैठकीत एका ज्येष्ठांनी सूचना मांडली की, आपल्या समाजाने स्वतःची अशी नोंदवही सुरू करावी. निधी उभा राहील, संगणक घेऊ, आपली माणसे आपल्या माणसांना देतील. सूचनेमागील कळकळ निर्मळ होती. तरीही मी तेथे नम्रपणे विरोध केला आणि तो येथेही नोंदवितो. आपल्या समाजाच्या यादीत बारा जोड्या जमल्या असे धरू. दोन-दोनच्या शक्यता होतात ६६, तीन-तीनच्या ४४०. याच बारा जोड्या एकशे वीस जोड्यांच्या यादीत गेल्या, तर दोन-दोनच्या शक्यता ७,१४० आणि तीन-तीनच्या ५,६१,६८० होतात. जोड्या दहापट झाल्या, पण तीनच्या वर्तुळांच्या शक्यता बाराशे पटींहून अधिक वाढल्या. त्यांतील फार थोड्या प्रत्यक्षात उतरतील हे खरे, परंतु ज्याचे जुळणे अवघड आहे त्याचा आधार तेवढाच असतो. वेगळी वही उघडली, तर आपलेच रुग्ण आपण अधिक काळ ताटकळत ठेवू, आणि मोठ्या यादीतील बारा दुवेही काढून घेऊ.

समाजाचा निधी व्यर्थ आहे असे मात्र नाही. जुळणीसाठीच्या तपासण्या, प्रत्यारोपणानंतर आयुष्यभर घ्यावी लागणारी औषधे आणि दात्याच्या विश्रांतीच्या काळातील घरखर्च यांत अनेक कुटुंबे मेटाकुटीला येतात. दात्याला मोबदला देणे गुन्हा आहे. पण उपचारासाठी रुग्णालयाला थेट साहाय्य करणाऱ्या धर्मादाय संस्था आपल्याकडे पूर्वीपासून आहेत. तेथे आपला पैसा लागू द्यावा. राष्ट्रीय अवयव व ऊती प्रत्यारोपण संघटनेने, म्हणजे नोट्टोने, एप्रिल २०२५ मध्ये देशभर एकसमान अदलाबदल कार्यक्रम राबविण्याविषयी राज्यांना लिहिले आहे. दिशा योग्य आहे. वही एकच असावी. आपण तीत वेळेवर नाव लिहावे.

या प्रवासात त्या घरात उठलेले दोन प्रश्न सांगितल्यावाचून लेख पुरा होणार नाही. पहिला प्रश्न स्नेह्यांच्या वृद्ध आईंचा. ‘देणारे घर कोणाचे असेल? त्यांचे खाणेपिणे काय असेल?’ आपल्या घरांतून हा प्रश्न येणारच, त्यास हसू नये. वैद्यकशास्त्राचे उत्तर असे की, मूत्रपिंडाच्या कार्याचा दात्याच्या स्वयंपाकघराशी संबंध राहत नाही. ते नव्या शरीरात त्याच शरीराच्या रक्तावर चालते. आईंना ते उत्तर पटले की नाही, ठाऊक नाही. काही दिवसांनी त्या स्वतःच म्हणाल्या, “त्या घरीही माझ्यासारखी एक म्हातारी असेल. तिनेही हेच विचारले असेल, हे कोण लोक म्हणून.” त्यानंतर तो विषय त्या घरात पुन्हा निघाला नाही.

दुसरा प्रश्न वहिनींचा होता, आणि तो अधिक खोल होता. “मी यांना द्यायला निघाले होते. आता मी एका परक्याला देणार आणि त्याच्या बदल्यात यांना मिळणार. मग हे दान राहिले की सौदा झाला?” मला त्याचे शास्त्रोक्त उत्तर देता येणार नाही; तो अधिकार गुरुभगवंतांचा. व्यापारी म्हणून एवढे कळते की सौद्यात दोन्ही बाजू किंमत पाहतात. येथे वहिनी जे देतील ते दोघींपैकी कोणीही तोलत नाही. जे स्वतःच्या माणसाला द्यायचे ठरविले होते, तेच त्या देत आहेत. केवळ ते पोहोचण्याची वाट दुसऱ्या घराच्या अंगणातून जाते. आपण खाती वळती करून घेतो तेव्हा कोणाचे देणे कमी होत नाही आणि कोणाचे घेणे बुडत नाही, तसेच हे आहे.

वहिनींचा प्रश्न निघाला, म्हणून एक गोष्ट स्पष्टपणे लिहितो. आपल्या देशात जिवंतपणी मूत्रपिंड देणाऱ्यांत स्त्रियाच अधिक असतात. पत्नी देते, आई देते, बहीण देते. कमावता पुरुष दाता व्हायला निघाला की घर अडविते. सून निघाली की घर गप्प राहते. २०१४ च्या नियमांत म्हणूनच अशी तरतूद आहे की, दाता स्त्री असेल तर विशेष दक्षता घ्यावी आणि तिची ओळख व स्वतंत्र संमती रुग्णाखेरीज दुसऱ्या व्यक्तीकडून निश्चित करावी. संगणकाच्या यादीत तिचे नाव एक ठिपका म्हणून जाते. ठिपक्याला ‘नाही’ म्हणता येत नाही. ते तिला घरातच, एकांतात, कोणाच्या डोळ्यांचा धाक नसताना म्हणता आले पाहिजे. शस्त्रक्रियेच्या सकाळीसुद्धा. घरच्या वडीलधाऱ्यांनी हे तिला आपल्या तोंडाने सांगावे.

ज्यांच्या घरी हा आजार आहे त्यांच्यासाठी चार गोष्टी. डायलिसिस सुरू होण्याची वाट न पाहता, मूत्रपिंडाचे कार्य घटत असल्याचे कळताच डॉक्टरांशी प्रत्यारोपणाविषयी बोलावे. देण्यास स्वखुशीने तयार असलेल्या सर्व जवळच्या नातलगांचे रक्तगट तपासून घ्यावेत. एकाहून अधिक दाते असतील तर जुळण्याची शक्यता वाढते. दाता जुळला नाही तर अदलाबदलीच्या नोंदवहीत नाव घालण्याविषयी स्वतःहून विचारावे, आणि त्याच वेळी मृत्यूपश्चात मिळणाऱ्या मूत्रपिंडासाठी मुंबईच्या विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्राच्या यादीतही नोंद करावी. एक दुसरीच्या आड येत नाही. नात्याचे पुरावे, विवाहाचा दाखला, ओळखपत्रे ही कागदपत्रे आधीच जमवून ठेवावीत, कारण जुळणी झाल्यावर केवळ कागदासाठी वर्तुळ अडता कामा नये.

आमच्या स्नेह्यांनी गेल्या दिवाळीत, वहीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी, आपल्या सर्व कागदवाल्यांना गाळ्यावर बोलावून आजार सांगितला. एकाने उधारीची मुदत पंचेचाळीस दिवसांवरून तीसवर आणली. बाकीच्यांनी काही बदलले नाही. एक जण जिना उतरता उतरता थांबला आणि परत वर आला. त्याच्या मेहुण्याला भिवंडीत दोन वर्षे डायलिसिस चालू होते. पत्नी देण्यास तयार होती, रक्तगट जुळत नव्हता, आणि घरच्यांनी ही गोष्ट बाहेर कोणाला सांगितली नव्हती. स्नेह्यांनी त्याला आपल्या डॉक्टरांचा पत्ता लिहून दिला.

ती जोडी आता त्याच नोंदवहीत आहे. तिची यांच्याशी जुळणी होत नाही. दुसऱ्या कोणाशी होईल. यादी पुढच्या महिन्यात पुन्हा चालणार आहे.